टिंग आणि टक

११ जानेवारी

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: स्प्रिंग गुंडाळायची तीन यंत्रं, त्यातलं पहिलं जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर चालायचं. स्प्रिंगा भाजायची भट्टी, जिचं दार दोनदा बदललं पण भट्टी तीच. वर्कशॉपची टेबलं, खिडक्या, छपराच्या कैच्या; फक्त शटर बाहेरून आणलं, आणि तेच सारखं अडकतं. आईची खाट, जिचं डोकं हँडल फिरवलं की वर येतं. मुलीची तीनचाकी, माळ्यावर आहे, अजून चालते. पॅकिंगवाल्या मावशींची खुर्ची, त्यांच्या कमरेचं माप घेऊन केलेली. घराची बेल, जिची टिणटिण गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. ती बेल बायकोने काढून टाकली आणि बाजारातली बसवली, जी म्हशीसारखी हंबरते. कारण विचारलं तर म्हणाली, "हीच बरी."

ही यादी करायचं कारण, माझ्या स्प्रिंगा घेणाऱ्या कंपनीकडून एक फॉर्म आला आहे. त्यात प्रत्येक यंत्रापुढे 'कोणाकडून घेतले' असा रकाना आहे. मी सगळ्या रकान्यांत 'मी' असं लिहिलं. इंजिनिअरिंग कॉलेज मी आतून एकदाच पाहिलं आहे, त्यांच्या गेटच्या बिजागऱ्या बदलायला गेलो होतो तेव्हा.

वही मुलीने पाठवली आहे. सोबत चिठ्ठी: 'बाबा, फोनवर तुम्ही माझं धड ऐकत नाही, आपलंच सांगत बसता. ते इथे लिहा.' ती दूरच्या शहरात असते, संगणकावर काहीतरी करते. काय करते ते तिने तीनदा समजावलं, पण हल्लीची मुलं बोलतात फार पुटपुटत.

१५ जानेवारी

कंपनीची बाई आली. वय तिशीच्या आत, पायात चांगले मजबूत बूट. तिच्या कार्डावर लिहिलेल्या हुद्द्याचा अर्थ विचारला. म्हणाली, "पुरवठ्यात कुठे धोका आहे ते शोधायचं माझं काम." म्हणजे धोका-मॅडम. बायकोला हे नाव सांगितलं तर ती चहा गाळता गाळता हसली.

कंपनी औषधाचा पंप करते. घरी पडून असलेल्या माणसाला थेंबाथेंबाने औषध देणारा, मुठीत मावेल एवढा. प्रत्येक पंपात चार स्प्रिंगा, करंगळीच्या नखाएवढ्या. त्या माझ्या. आईच्या उशाशीसुद्धा तोच पंप आहे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लेक आत बसून मला औषध पाजतो."

मॅडमने कागदावर दोन रेषा काढल्या. एक वर जाणारी, एक खाली येणारी. वरची म्हणजे मागणी: घराघरांत म्हातारी माणसं वाढताहेत, पंप जास्त लागणार. खालची म्हणजे असे सुटे भाग करणारे हात.

"हे हात का कमी होताहेत?" मी विचारलं.

"तेही म्हातारे होताहेत. आणि त्यांची मुलं दुसरं काहीतरी करताहेत."

"म्हणजे मी म्हातारा?"

"मी तसं नाही म्हटलं, सर."

"तुमच्या चित्रात तर मी घसरगुंडीवर आहे."

हसली. माणूस वाईट नाही. पण प्रश्न एकेक असे की जणू मी उद्या मरणार. तुमच्यानंतर कोण? तुम्ही आजारी पडलात तर? तार कोण देतं, त्यांचं वय काय? तारवाला माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे, तिने त्याच्या नावाभोवती एक गोल काढला.

मग तिला परीक्षा दाखवली. भट्टीतून निघालेली प्रत्येक स्प्रिंग मी काळ्या दगडी फरशीवर वीतभर उंचीवरून सोडतो. निर्दोष असेल तर टिंग. आत केसाएवढी चीर असेल तर टक. डोळ्यांना दिसत नाही ते कानाला कळतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझं मीच शोधलं. कंपनीचं यंत्र शंभरात एक तपासतं, मी शंभरच्या शंभर. म्हणून आजवर माझा एकही डबा परत आलेला नाही.

"हे आणखी कोणाला येतं?"

"कोणालाही नाही. हा कान बाजारात मिळत नाही, मॅडम."

तिने ते वाक्य लाल पेनाने लिहून घेतलं, खाली रेघही मारली. कदर आहे म्हणायची.

३ फेब्रुवारी

मावशींना बोललो. बोलायला नको होतं, पण माल अडकला की माझं डोकं फिरतं.

मावशी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, पायट्याच्या मशीनपासून. वयाने माझ्याहून मोठ्या, पॅकिंगचं टेबल त्यांचं. मी तपासून डबा पुढे सरकवला की त्यांनी मोजून पुड्या बांधायच्या, एवढंच काम. पण गेली काही वर्षं त्यांना एक खोड लागली आहे. प्रत्येक स्प्रिंग टेबलाच्या कडेला ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर टाकतात, मग पुडीत. माझ्या मागून माझंच काम परत! वेळ दुप्पट. शिवाय मधूनच एखादी बाजूला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

"ही का काढली?"

"खाली पडली होती."

"कधी?"

"तुम्ही शिंकलात तेव्हा."

"मावशी, मी आज शिंकलोच नाही."

"मग मी शिंकले असेन, मिस्त्री. या वयात काय लक्षात राहतं!"

त्या गालात हसत होत्या. मी म्हटलं, हात जरा झरझर चालवा. त्यांनी मान हलवली आणि पुढची स्प्रिंग फरशीवर टाकली.

२० फेब्रुवारी

तारवाल्याने गिरणी बंद केली. थोरला परदेशात, धाकटा फ्लॅट विकतो. धाकट्याला म्हणे त्याने विचारलं, गिरणी घेतोस का? तो म्हणाला, "बाबा, त्या जागेवर सहा मजले उभे राहतील." तारवाला मला सांगताना रडत होता की हसत होता ते फोनवर कळलं नाही. फोनच्या लाइनी फार बिघडल्या आहेत.

उरलेली भेंडोळी मी सगळी उचलली. पुढे नवीन गिरणीची तार घ्यावी लागेल, लांबची. त्यांचा माणूस तारेचा नमुना पारदर्शक पिशवीत, फीत बांधून देऊन गेला. फीत बघूनच मला संशय आला.

५ मार्च

मावशी निघाल्या. मुलगा न्यायला आला होता. गुडघा आता जिना चढत नाही, एकट्या राहू नका म्हणतो. त्याचं चूक नाही. मुलं जिकडे, तिकडे त्यांचे आईबाप, असंच चाललं आहे. आमच्या गल्लीत तीन घरांना कुलपं आहेत.

खुर्ची सोबत द्यायला काढली तर मावशी म्हणाल्या, "राहू दे. परत आले तर बसायला लागेल." मग पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. चांगला जड. "हे बघा जरा निवांत."

"पडलेल्या स्प्रिंगा ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलल्या, ओठ हलले, पण मुलाने तेवढ्यात गाडी सुरू केली होती. त्याआधी स्वयंपाकघरात माझ्या बायकोशी बराच वेळ गुजगोष्टी चालल्या होत्या. दोघींचे डोळे लाल. मी डबा टेबलाखाली सरकवला. खाली पडलेला कचरा निवांत बघायला माझ्याकडे वेळ नाही.

पॅकिंग आता बायको करते. तिला सांगितलं, खोड लावून घेऊ नकोस, मोजायचं आणि बांधायचं.

२४ मार्च

डबा परत आला.

तीन स्प्रिंगांमध्ये चिरा, कंपनीच्या यंत्रात निघाल्या. त्यांनी मग अख्खा डबा तपासला, आणखी निघाल्या. मी हातात घेतला तो डबा, माझंच अक्षर, माझाच शिक्का. बायकोने विचारलं, "जेवता ना?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कारण उघड आहे. तार. फीत बांधलेली तार! गिरणीला दोन पानी पत्र लिहिलं आणि त्यात 'तुमची तार कपडे वाळत घालायला बरी' हे वाक्य मुद्दाम ठेवलं. त्याची प्रत कंपनीलाही पाठवली, म्हणजे त्यांना कळू दे दोष कुठे आहे.

३ एप्रिल

दुसरा डबा परत. गिरणीचं उत्तर मात्र फार सभ्य, सोबत तपासणीचे सहा कागद, सगळे स्वच्छ. कागद काय, कोणीही छापतं.

धोका-मॅडमचा फोन. निम्मं कळलं नाही, बायकोला दिला. तिने ऐकून सांगितलं: तिसरा डबा परत आला तर आपली मंजुरी थांबणार. मंजुरी थांबली म्हणजे वर्कशॉप थांबलं. दुसरं गिऱ्हाईक मी ठेवलेलंच नाही, या एका पंपापायी बाकीची सगळी सोडली. आणि पंपही थांबतील काही दिवस, कारण त्यांना या मापाची स्प्रिंग देणारा दुसरा कोणी नाही. हे मी वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आलो. आज बायकोच्या तोंडून ऐकताना ते वाक्य वेगळंच वाटलं.

१० एप्रिल

गेला आठवडा एकच काम. गुंडाळलेला सगळा माल पुन्हा फरशीवर. दार लावून, पंखा बंद करून. प्रत्येक स्प्रिंग टिंग. एकही टक नाही.

म्हणजे माल निर्दोष आहे. मग त्यांच्या यंत्रातच काही बिघाड असेल का? तसं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींनंतर थांबलो. एकही टक नाही, हे कसं? पूर्वी, जुन्या उत्तम तारेच्या दिवसांतसुद्धा, शेकड्याला एखादी टक निघायचीच.

११ एप्रिल

दुपारी आईजवळ बसलो होतो. पेपर वाचत. आई झोपली होती. बायको समोरच्या दुकानात गेली होती.

ती पळत आली. चपला न काढता. मी म्हटलं, काय झालं? ती माझ्याकडे न बघता आईच्या उशाशी गेली, पंपाचं बटण दाबलं, खणातून सेल काढले, बदलले. पंपाचा लाल दिवा लागलेला होता, तो मला आत्ता दिसला.

आई जागी होती. म्हणाली, "अरे, केव्हाचं ओरडतंय ते! मला वाटलं तू मुद्दाम ओरडू देतोयस."

काही झालं नाही. सेल संपत आले होते, औषध थांबलं नव्हतं. बायकोला तो आवाज रस्त्यापलीकडून ऐकू आला.

मी तिथेच बसलो होतो. हाताच्या अंतरावर.

१२ एप्रिल

काही लिहायचं नाही.

१४ एप्रिल

पत्र्याचा डबा काढला. भिंगाखाली एकेक धरली. दिवा तिरपा ठेवला की चीर काळ्या केसासारखी दिसते. पहिलीत दिसली. दुसरीत. पाचवीतही. सगळ्यांत होती. मी ज्यांना टिंग म्हणून पुढे सरकवलं, त्या सगळ्या.

त्यातलीच एक उचलून फरशीवर टाकली. मला टिंग ऐकू आली. मग फरशीवर रुमाल अंथरला आणि पुन्हा टाकली. रुमालावर काहीच वाजत नाही. तरीही मला टिंग ऐकू आली.

बायकोला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, डबा बघून आत येईना.

"तुला माहीत होतं?"

"कान कमी झालाय हे माहीत होतं. बेल का बदलली मग? ती बारीक वाजायची, तुम्हाला ऐकू यायची नाही, माणसं दारातून परत जायची. तुम्ही म्हणायचात, लोकांना माणुसकी राहिली नाही, कोणी येत नाही."

"आणि हे?"

"हे मावशींनी जाताना सांगितलं. म्हणाल्या, तू तरी कान देत जा. पण तुम्ही मला म्हणालात, खोड लावून घेऊ नकोस."

"सांगायचं ना मला!"

"कसं? तुम्ही ऐकता का?" आणि मग तिलाच हसू आलं, आणि हसताहसता ती रडायला लागली. मला दोन्ही दिसत होतं.

१७ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानावर झाकणं लावली, आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटण धरून वाट पाहिली. मग त्यांनी दार उघडलं, परीक्षा कधीच संपली होती.

जाड आवाज ऐकू येतात, बारीक गेले. आजचे नाहीत, केव्हाचे. आयुष्यभर यंत्राजवळ उभं राहिल्याने. यंत्र कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचंच, मीच केलंय.

कानात घालायचं मशीन देतील. बोलणं कळेल, पण इतका बारीक फरक त्यातून खात्रीने कळेल असं ते म्हणत नाहीत. डॉक्टर तरुण होते आणि अजिबात पुटपुटत नव्हते. मुद्दाम माझ्या तोंडासमोर येऊन बोलत होते. हल्लीच्या मुलांबद्दल मी पहिल्या पानावर जे लिहिलं आहे ते खोडायला हवं. पण शाईचं आहे, राहू दे.

२१ एप्रिल

कंपनीचं पत्र. मोठ्या साहेबांच्या सहीचं.

दोनदा वाचलं, मग बायकोला मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी माझं तारेबद्दलचं पत्र खरं मानलं आहे! 'आपण दाखवून दिल्याप्रमाणे तारेचा दर्जा सर्वत्र घसरत आहे,' असं लिहिलंय. तेव्हा अशा काळात आपल्या कानाचं महत्त्व आणखी वाढलं आहे, आणि तो एकाच माणसाकडे असणं त्यांच्या दृष्टीने मोठी जोखीम आहे. (लाल पेन! मी कदर समजलो होतो.) म्हणून त्यांनी तो विकत घ्यायचं ठरवलंय. मी दोन वर्षं त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या पाच माणसांना शिकवायचं, यंत्रांसकट वर्कशॉप त्यांच्या स्वाधीन करायचं. तोवर परत आलेल्या डब्यांचा विषय बाजूला. आणि एक रक्कम.

आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर रोज वही उघडून बघीन.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बहिऱ्याच्या कानाला एवढे? मग माझ्या गुडघ्यांना किती देतील विचार."

बायको नंतर हळूच म्हणाली, म्हणजे माझ्या तोंडासमोर येऊन, "घ्या की हो. मावशींना सोबत न्या. तुम्ही बोला, त्या ऐकतील. कोणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर हे तिने म्हणायच्या आधीच माझ्या मनात येऊन गेलं होतं. कोणाला कळणार आहे?

२५ एप्रिल

मावशींकडे जाऊन आलो. फरशीचा एक तुकडा कापून, कडा घासून, पोत्यात बांधून नेला. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" म्हटलं, दगड. म्हणाला, "काका, आमच्या इकडेही मिळतात."

चौथा मजला. लिफ्ट बंद. खांद्यावर दगड घेऊन चढलो. मावशींनी दार उघडलं.

"मिस्त्री! हे काय आणलंत?"

"फरशी."

"लोक फळं आणतात."

सून बाहेरच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली होती. ती घरूनच कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर ऐकायचं काम! मावशींनी पाणी दिलं आणि बोलायला लागल्या. त्यांची मान खाली, हात गुडघ्यावर. मी म्हटलं, "मावशी, वर बघून मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही दुसऱ्याच्या घरात, घाम पुसत. त्यांनी मान वर केली.

"कधीपासून कळलं होतं?" मी विचारलं.

"आधी वाटलं तुमचं लक्ष नसेल. मग एकदा तुम्ही टक वाजलेली पुढे सरकवलीत आणि माझ्याकडे बघून हसलात. चांगली वाजली की हसायचात ना, तसं. तेव्हा समजले."

"आणि बोलला नाहीत."

"बोलले असते तर तुम्ही मला काढलं असतं."

"काढलं नसतं."

"बरं, काढलं नसतं. चार दिवस जेवला नसतात. मग तुमच्या बायकोने मला काढलं असतं."

दोघेही हसलो. मग मी सांगितलं ते सगळं, पंप, डबे, कंपनीचं पत्र. रक्कम सांगितली तेव्हा सूनबाईंनी कानावरचं यंत्र काढलं.

"मला तिकडे यायला नाही जमणार हो," मावशी म्हणाल्या. "गुडघ्यामुळे इथला जिनाच मी महिन्यात एकदा उतरते. इथे बसून काय सांगाल ते करीन."

मी खिशातून दोन पुड्या काढल्या, भिंगाखाली बघून वेगळ्या केलेल्या, एक चांगल्यांची आणि एक चिरलेल्यांची. मिसळल्या. मावशींनी फरशी मांडीजवळ ओढली आणि एकेक टाकत गेल्या. ही इकडे, ही तिकडे. मी नुसता त्यांचा चेहरा बघत होतो. टक वाजली की त्यांची डावी भुवई किंचित उचलते. इतकी वर्षं समोर बसलो, कधी पाहिलं नव्हतं. भिंगाने पडताळलं, एकही चुकली नाही.

मग सून म्हणाली, "मी बघू?" तिला काही शिकवलं नव्हतं. तिने डोळे मिटून टाकल्या. दोन चुकल्या, मावशींनी परत ऐकवल्या, नंतर एकही नाही.

"हे काय, कळतंच की," सून म्हणाली.

मला राग यायला हवा होता. हा कान बाजारात मिळत नाही, असं मी म्हणत होतो, आणि तो चौथ्या मजल्यावर दुसऱ्याच कामाला लागलेला होता.

७ मे

पद्धत अशी बसली: मी गुंडाळतो, भाजतो. बायको पेटी बांधून संध्याकाळच्या बसला देते. मावशी आणि सून फरशीवर ऐकतात, चांगल्यांचं सील करून थेट कंपनीला, चिरलेल्या पत्र्याच्या डब्यात मला परत. दर स्प्रिंगमागे ठरलेला हिस्सा त्यांचा. मावशी आधी घ्यायला तयार नव्हत्या, सूनबाईंनी व्यवस्थित घासाघीस केली. बरं वाटलं.

चिरलेल्या जास्त निघाल्या म्हणून भट्टी तपासली. दार नीट बसत नाही, एका बाजूने थंड वारा लागून स्प्रिंगा चिरतात. मीच केलेलं दार. तार निर्दोष होती. गिरणीला माफीचं पत्र लिहिलं, एक पानी. कपड्यांच्या दोरीचं वाक्य मागे घेतलं.

तिसरा डबा कंपनीत पोहोचला. परत आलेला नाही.

१२ मे

कानात मशीन घातलं. पहिली गोष्ट ऐकली ती बायकोच्या बांगड्या. दुसरी, वर्कशॉपचं शटर. किती भयानक वाजतं ते! शेजाऱ्यांनी इतकी वर्षं काहीच कसं म्हटलं नाही? बायको म्हणते, म्हणत होते.

दुपारी धोका-मॅडम आल्या. मीच बोलावलं होतं. त्यांना खुर्ची दिली ती मावशींची. सांगितलं की कान माझा नाही. निदान गेली काही वर्षं नव्हता. तारेबद्दल जे लिहिलं ते चूक. आता ऐकणाऱ्या दोघीजणी आहेत आणि त्या अमुक गावी, चौथ्या मजल्यावर बसतात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका," त्या म्हणाल्या, सर नाही, "हे मी लिहिलं तर साहेबांची ऑफर राहणार नाही."

"ऑफरचं उत्तर मी सकाळीच टाकलंय."

"आणि निम्मी ऑर्डर दुसऱ्या कोणाला तरी तयार करून द्यावी लागेल. हे सगळं एका घरावर आणि एका जिन्यावर ठेवता येणार नाही मला."

"द्या. तो जो कोणी असेल त्याला इथे पाठवा, यंत्र कसं करायचं ते दाखवीन. भट्टीच्या दाराचंही सांगीन."

त्यांनी जानेवारीतला तो कागद काढला. खालच्या रेषेवर माझ्या नावाचा एकच ठिपका होता, भोवती लाल गोल. त्यांनी शेजारी आणखी दोन ठिपके काढले. मी म्हटलं, तिसराही काढा, पेट्या बायको बांधते. काढला. लाल गोल मात्र पुसला नाही. बरोबर आहे, मीही पुसला नसता.

जाताना आईच्या खोलीत डोकावल्या. आई म्हणाली, "यात माझ्या लेकाच्या स्प्रिंगा आहेत." मी म्हटलं, "आणि मावशींचा कान, आई." आई म्हणाली, "ते मला माहीत आहे. मावशी मला सगळं सांगायची."

सगळ्यांना माहीत होतं.

फॉर्मची प्रत मी ठेवली होती. त्यात 'तपासणी कोणाकडून' असा एक रकाना होता. तिथेही 'मी' लिहिलं होतं. ते खोडून दोन नावं घातली, स्वच्छ अक्षरात, आणि प्रत मॅडमना दिली.

नोंद अपुरी राहू नये म्हणून शेवटचं. मी नाकारलं ते असं: दोन वर्षं त्यांच्याकडे राहून पाच माणसांना माझा कान शिकवायचा, वर्कशॉप यंत्रांसकट त्यांचं, राहायची सोय वेगळी. रक्कम बावीस लाख.